जुन्या गाडीचं ऑइल प्रेशर विचित्र दाखवतंय? इंजिन उघडण्याआधी हे तपासा

पद्मिनी, ॲम्बेसेडर, जुनी महिंद्रा जीप किंवा कार्ब्युरेटरवाली मारुती ८०० हौसेनं सांभाळणाऱ्यांना एक वाक्य कधी ना कधी ऐकावंच लागतं: "साहेब, ऑइल प्रेशर पडलंय, इंजिनचं काम निघालं." काही वेळा ते खरंही असतं. पण प्रेशर मोजून न पाहता, नुसता डॅशबोर्डवरचा काटा किंवा दिवा बघून ते बोललं जातं तेव्हा मला राग येतो. खराब स्विच, चुकीचा फिल्टर किंवा पेट्रोल मिसळून पातळ झालेलं ऑइल एवढ्याच कारणानं चांगली इंजिनं खोलली जातात. एकदा खोललेलं जुनं इंजिन पुन्हा पहिल्यासारखं बसेलच याची खात्री कोण देणार?

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी जे फुकटात तपासता येतं ते, मग जे दोन पान्यांत तपासता येतं ते, आणि चेंबर (इंजिनखालची ऑइलची टाकी) उतरवायचं काम अगदी शेवटी.

लाल दिवा लागला असेल तर

चालत्या गाडीत ऑइलचा लाल दिवा लागला किंवा काटा अचानक शून्यावर आला, तर गाडी बाजूला घ्या आणि लगेच इंजिन बंद करा. "पुढच्या गॅरेजपर्यंत हळूहळू नेऊ" हा विचार मनात आणू नका. बेअरिंग आणि क्रँक (इंजिनचा फिरणारा मुख्य दांडा) यांच्यामध्ये ऑइलचा केसाहूनही पातळ थर असतो. तो गेला की धातूवर धातू घासतो, आणि बेअरिंग जळायला काही मिनिटं पुरतात. दिवा खोटा निघाला तर टोइंगचे पैसे गेले एवढंच. खरा निघाला आणि तरी गाडी चालवली, तर क्रँक गेला.

थांबल्यावर पाच-दहा मिनिटांनी ऑइलची पातळी बघा आणि गाडीखाली वाकून गळती दिसते का ते पाहा. पातळी बरोबर असली तरी प्रेशर मोजेपर्यंत ती गाडी चालवायची नाही.

पंप प्रेशर "बनवत" नाही

पुढची सगळी तपासणी या एका गोष्टीवर उभी आहे, म्हणून ती नीट समजून घेऊ. ऑइल पंप फक्त ऑइल ढकलतो. ते ऑइल मेन बेअरिंग, बिग एंड (पिस्टनच्या दांड्याचं क्रँकवरचं टोक), कॅमचे बुश, रॉकर शाफ्ट (झडपा हलवणाऱ्या रॉकरचा दांडा) अशा अरुंद फटींमधून बाहेर पडताना अडतं आणि त्या अडण्यातून प्रेशर तयार होतं. फटी झिजून रुंद झाल्या, तर पंप नवा असूनही प्रेशर कमी दिसेल. ऑइल पातळ झालं तरी तेच. आणि पंपापर्यंत ऑइल पोचतच नसेल, तर बेअरिंग कितीही चांगली असोत, काही उपयोग नाही.

प्रेशर फार वाढू नये म्हणून वाटेत एक रिलीफ व्हॉल्व्ह असतो: स्प्रिंगनं दाबून धरलेला छोटा प्लंजर किंवा गोळी. ठरलेल्या प्रेशरला तो उघडतो आणि जास्तीचं ऑइल परत चेंबरमध्ये सोडतो. गार इंजिनात काटा वर जाऊन एका जागी अडकल्यासारखा थांबतो, तो या व्हॉल्व्हमुळे.

पहिली तपासणी: दांडी

गाडी सपाट जागेवर, इंजिन बंद करून दहा मिनिटं झालेली. ऑइलची पातळी दाखवणारी दांडी काढा, पुसा, पूर्ण आत घाला, पुन्हा काढा. पातळी किती आहे एवढंच बघून थांबू नका. ऑइल बोटावर घ्या, वास घ्या, रंग बघा.

पातळी कमी असेल तर घाट चढताना, जोरात ब्रेक मारताना किंवा वळणावर ऑइल एका बाजूला सरकतं, पंपाच्या तोंडाशी हवा जाते आणि काटा क्षणभर पडतो. सपाट रस्त्यावर सगळं ठीक आणि खंबाटकी चढताना दिवा लुकलुकतो, असं असेल तर आधी पातळीच बघा.

ऑइल भरलं नसतानाही पातळी वाढली असेल, तर ती जास्त काळजीची गोष्ट आहे. पद्मिनी आणि कार्ब्युरेटरवाल्या मारुती ८०० मध्ये इंजिनवर बसवलेला मेकॅनिकल पेट्रोल पंप असतो. त्यातला रबरी पडदा फाटला की पेट्रोल थेट चेंबरमध्ये उतरतं. दांडीला पेट्रोलचा उग्र वास येतो, ऑइल बोटांत पाण्यासारखं सुटतं आणि गरम इंजिनात प्रेशर धपकन खाली येतं. अशा वेळी गाडी चालवू नका. पातळ ऑइल बेअरिंग खातं, शिवाय चेंबरमध्ये पेट्रोलची वाफ असणं आगीच्या दृष्टीनंही धोक्याचं आहे. पंप बदला, ऑइल आणि फिल्टर बदला, मग पुन्हा मोजा. खूपदा प्रेशर जागेवर आलेलं असतं. डिझेल गाड्यांतही फीड पंपातून किंवा इंजेक्टरच्या बाजूनं डिझेल उतरून हेच होतं.

ऑइल दुधाळ कॉफीच्या रंगाचं झालं असेल तर त्यात पाणी शिरलंय: हेड गास्केट, तडा गेलेलं हेड वगैरे. मात्र पावसाळ्यात फक्त जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीत ऑइल भरायच्या झाकणाच्या आत थोडा पांढरट साय-थर दिसतो. तो बहुतेक हवेतल्या ओलाव्याचा असतो. दांडीवरचं ऑइल स्वच्छ असेल तर घाबरू नका.

ऑइल कुठल्या ग्रेडचं, म्हणजे किती जाड-पातळ, भरलंय हेही विचारा. नव्या गाडीसाठी आणलेलं ५डब्ल्यू-३० उरलं म्हणून ॲम्बेसेडरमध्ये ओतलं, तर गरम झाल्यावर प्रेशर कमी दिसणारच. या जुन्या पेट्रोल इंजिनांना आपल्या हवेत २०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० मिनरल ऑइल मानवतं. गाडीचं मॅन्युअल असेल तर त्यातला ग्रेड अंतिम.

दुसरी तपासणी: दिवा आणि काटा खरं बोलतात का

दिव्याची गोष्ट सोपी आहे. इंजिनवरच्या प्रेशर स्विचला एकच वायर असते. प्रेशर नसताना स्विच आतून अर्थ होतो, म्हणजे वायर इंजिनच्या धातूला जोडली जाते, आणि दिवा लागतो. साधारण ३ ते ७ पीएसआयला (हे प्रेशर मोजायचं एकक) तो सुटतो आणि दिवा विझतो. याचा अर्थ नीट लक्षात घ्या: दिवा विझला म्हणजे प्रेशर पुरेसं आहे असं नाही, फक्त अगदीच शून्य नाही. हायवेवर ४० पीएसआय हवं असलेल्या इंजिनात १० असेल तरी दिवा शांतच राहील.

इग्निशन चालू, इंजिन बंद. स्विचची वायर काढा, दिवा विझला पाहिजे. नाही विझला तर वायर वाटेत कुठेतरी बॉडीला घासून अर्थ झालीय. एक्झॉस्टच्या जवळून जाणारा भाग आधी बघा. आता वायरचं टोक इंजिनच्या स्वच्छ धातूला टेकवा, दिवा लागला पाहिजे. नाही लागला तर बल्ब, फ्यूज किंवा वायर तुटलेली. ही दुसरी चूक जास्त वाईट, कारण खरंच प्रेशर गेलं तरी तुम्हाला कळणार नाही. चावी फिरवल्यावर लाल दिवा लागतो की नाही हे रोज बघायची सवय लावून घ्या.

काट्याच्या गाडीत स्विचऐवजी सेंडर असतो आणि त्याचा रेझिस्टन्स प्रेशरनुसार बदलतो. इथे घोळ असा की दोन पद्धती उलट चालतात. युरोपियन पद्धतीचा सेंडर शून्य प्रेशरला साधारण १० ओहम आणि पूर्ण प्रेशरला १८० ओहमच्या आसपास असतो. अमेरिकन पद्धतीचा शून्याला २४० आणि पूर्ण प्रेशरला ३३ ओहम. बाजारात मिळाला म्हणून बसवलेला सेंडर आणि डॅशवरचा काटा वेगवेगळ्या पद्धतीचे असले तर आकडा कायम खोटा येणार, मग इंजिन कितीही ठणठणीत असो. जीपमध्ये मागाहून काटे बसवलेले असतात तिथे हे फार दिसतं. इंजिन बंद असताना सेंडरची वायर काढून सेंडर आणि इंजिन ब्लॉक यांच्यामध्ये मल्टिमीटर लावा: १० च्या आसपास आला की २४० च्या आसपास, एवढ्यावरून सेंडरची जात कळते.

सेंडरला स्वतःच्या आट्यांमधूनच अर्थ मिळतो. त्यावर टेफ्लॉन टेप भरपूर गुंडाळली असेल तर अर्थ कच्चा होतो आणि काटा नाचतो. टेपचा तुकडा तुटून ऑइलच्या वाटेत गेला तर वेगळीच डोकेदुखी. आणि ऑइलसोबत टेंपरेचर आणि पेट्रोलचा काटाही एकाच वेळी चढा किंवा उतरता दिसत असेल, तर इंजिनकडे बघूच नका; डॅशमागचा व्होल्टेज स्टॅबिलायझर किंवा काट्यांचा अर्थ तपासा.

तिसरी तपासणी: मेकॅनिकल गेज

या लेखातलं एकच काम करणार असाल तर हे करा. ० ते १०० किंवा १५० पीएसआयचं मेकॅनिकल गेज, ऑइल सहन करणारी लवचीक नळी आणि योग्य आट्यांचा ॲडॉप्टर एवढं लागतं. चांगल्या गॅरेजमध्ये हे असतं; नसेल तर तिथे इंजिन खोलायला देऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

इंजिन गार असताना स्विच किंवा सेंडर सोडवा. त्याच्या जागी ॲडॉप्टर हातानं लावा, पान्यानं नाही. इथे एक बारीक सापळा आहे. जपानी वंशाच्या गाड्यांत बहुधा १/८ बीएसपी आटे असतात, अमेरिकन वंशाच्या जीप इंजिनात १/८ एनपीटी. दोन्ही डोळ्यांना सारखेच दिसतात, पण बीएसपीला इंचाला २८ आटे आणि एनपीटीला २७. चुकीचा ॲडॉप्टर दोन-तीन फेरे छान जातो, मग घट्ट होतो, आणि जोर लावला की ब्लॉकमधले आटे जातात. हातानं चार फेरे सहज गेला नाही तर काढा.

नळी फॅन, बेल्ट आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून लांब बांधा. गरम ऑइलची नळी सुटून मॅनिफोल्डवर फवारा उडाला तर आग लागते. इंजिन चालू करा, सांध्याला गळती नाही ना बघा आणि गारची रीडिंग लिहून घ्या.

मग इंजिन पूर्ण तापू द्या. नुसतं उभ्या जागी चालू ठेवून पाणी तापतं, पण ऑइलला वेळ लागतो. नळी सुरक्षित बांधता येत असेल आणि लाल दिव्याची तक्रार नसेल तर वीस मिनिटं गाडी फिरवून आणा. नाहीतर पाणी नेहमीच्या तापमानाला आल्यावरही आणखी वीस मिनिटं मध्यम रेसवर ठेवा, आणि गेज शून्याकडे जायला लागलं तर तिथेच थांबा. आता तीन आकडे घ्या: स्लोवर (रेस न देता), २००० आरपीएमला, ३००० आरपीएमला. आरपीएमचा काटा नसेल तर मेकॅनिककडचा टॅकोमीटर लावा. अंदाजानं रेस दिली तर आकड्याला अर्थ राहत नाही.

किती हवं? तुमच्या इंजिनच्या वर्कशॉप मॅन्युअलमधला आकडा हाच खरा. तो हाताशी नसेल तर जुना ठोकताळा असा की तापलेल्या इंजिनात दर १००० आरपीएमला साधारण १० पीएसआय. ॲम्बेसेडरच्या १४८९ सीसी बीएमसी इंजिनात चालताना ५० च्या आसपास आणि स्लोवर १५ च्या आसपास मिळालं तर इंजिन निरोगी समजा. गेजवर बार असेल तर १ बार म्हणजे १४.५ पीएसआय.

मेकॅनिकल गेजनं योग्य आकडे दाखवले तर इंजिनची तपासणी इथे संपली. सेंडर, स्विच किंवा वायर बदला.

आकड्यांचा पॅटर्न

आकडे खरंच कमी निघाले, तर कधी आणि कसे कमी हे महत्त्वाचं.

गार असताना उत्तम, तापल्यावर स्लोवर जेमतेम ५, पण रेस दिली की बऱ्यापैकी वर: ही झिजलेल्या फटींची खूण. पातळ ऑइलही अगदी असंच वागतं, म्हणून आधी योग्य ग्रेडचं ताजं ऑइल आणि फिल्टर, मग पुन्हा मोजणी.

स्लोवर ठीक, पण रेस कितीही द्या, २५-३० च्या वर जातच नाही: रिलीफ व्हॉल्व्ह उघडा अडकलाय किंवा त्याची स्प्रिंग मेलीय.

२००० पर्यंत चढतं आणि वेग वाढवला की उलट पडायला लागतं: पंपाला ऑइल कमी मिळतंय. चेंबरमधली जाळी तुंबलेली, सक्शन पाइपचा सांधा हवा ओढतोय, किंवा ऑइल गरजेपेक्षा जास्त भरल्यामुळे क्रँक ते घुसळून फेस करतोय.

सकाळी पहिल्या स्टार्टला दिवा चार-पाच सेकंद जात नाही, टॅपेट वाजतात (वरून रॉकरची टकटक येते), मग सगळं शांत: बहुतेक वेळा फिल्टर. आडव्या किंवा उलट्या बसणाऱ्या फिल्टरमध्ये ऑइल रात्रभर धरून ठेवणारा रबरी पडदा असतो. स्वस्त नकली फिल्टरमध्ये तो कडक होतो किंवा नसतोच.

प्रेशर कमी झालं की रॉकरचा आवाज आधी का येतो? कारण पद्मिनी, ॲम्बेसेडरसारख्या पुशरॉड इंजिनांत (कॅम खाली, झडपा लांब दांड्यांनी हलतात) रॉकर शाफ्ट ऑइलच्या वाटेच्या शेवटच्या टोकाला असतो. प्रेशर कमी झालं की सगळ्यात आधी तोच कोरडा पडतो.

चौथी तपासणी: फिल्टर कापा, व्हॉल्व्ह काढा

जुना फिल्टर फेकू नका. पत्रा कापायच्या कटरनं त्याची कड कापा. करवत नको, तिचा कीस आत पडतो आणि तुम्हाला फसवतो. आतला कागद सोडवून, ऑइल निथळून, उन्हात पसरून बघा. थोडे काळे कण, म्हणजे कार्बन, जुन्या इंजिनात असतातच. लोहचुंबकाला चिकटणारे बारीक कण थोडे असतील तर चालतं. चमकती कुसळं दिसली तर गिअर, कॅम किंवा टॅपेट झिजतायत. रुपेरी, चुंबकाला न लागणारी चकाकी बेअरिंगच्या वरच्या मऊ थराची असू शकते. आणि तांब्याच्या रंगाची चमक दिसली तर तो थर संपून बेअरिंगचा खालचा थर उघडा पडलाय. तिथे मग चर्चा संपते, चेंबर उतरवावंच लागेल.

नवा फिल्टर लावताना जुन्या फिल्टरचं रबर ब्लॉकला चिकटून राहिलं नाही ना, हे बोट फिरवून बघा. दोन रबरं एकावर एक बसली की थोड्या वेळानं मधून ऑइल उडतं आणि काही मिनिटांत चेंबर रिकामं होतं. सर्व्हिसिंगनंतर लगेच प्रेशर गेलेल्या गाडीत मी पहिल्यांदा हेच बघतो.

रिलीफ व्हॉल्व्ह बऱ्याच इंजिनांत बाहेरूनच काढता येतो. ॲम्बेसेडरच्या बीएमसी इंजिनात तो ब्लॉकच्या डाव्या बाजूला मागे, घुमटी नटाखाली असतो. नट सोडवला की स्प्रिंग आणि प्लंजर हातात येतो. प्लंजर त्याच्या भोकात स्वतःच्या वजनानं सरकला पाहिजे. त्याच्या बसायच्या कडेवर खाच, कार्बन किंवा धातूचा कण अडकला असेल तर ऑइल सतत परत जात राहतं. साफ करा, स्प्रिंगची लांबी मॅन्युअलशी ताडून बघा, नटाखालचे वायसर नवे घाला. स्प्रिंगमागे जास्तीचे वायसर घालून प्रेशर "वाढवणारे" भेटतील. गरम स्लोवरचं प्रेशर त्यानं सहसा जराही वाढत नाही, कारण तिथे व्हॉल्व्ह मुळात बंदच असतो.

पाचवी तपासणी: चेंबर उतरवल्यावर

आधी जाळी. जुन्या, अनेक हातांतून गेलेल्या इंजिनात इथे हमखास सापडतो तो निळा किंवा केशरी सिलिकॉन. गास्केट लावताना कुणीतरी गास्केट मेकरची जाडजूड वेल काढलेली असते. घट्ट केल्यावर अर्धी बाहेर येते, ती आपल्याला दिसते, आणि अर्धी आत जाते. तिचे शेवयांसारखे तुकडे सुटून जाळीवर चिकटतात. अशी जाळी रॉकेलमध्ये धुऊन, ब्रशनं साफ करून परत लावली की अनेकदा प्रेशर पूर्ववत येतं. सक्शन पाइपच्या सांध्याची पॅकिंग किंवा ओ-रिंग त्याच वेळी नवी घाला.

मग पंप. झाकण उघडून रोटर किंवा गिअरच्या तोंडावर सरळ पट्टी ठेवा आणि खालची फट फीलर गेजनं मोजा. बऱ्याच पंपांत ०.००५ इंच, म्हणजे साधारण ०.१३ मिमीच्या वर गेली तर पंप झिजला. झाकणावर गोल चरे पडले असतील तर काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून, ऑइल लावून ते सपाट घासता येतं.

शेवटी बेअरिंग. बिग एंडची एक टोपी उघडा, जर्नलवर (क्रँकच्या बेअरिंग बसणाऱ्या गोल भागावर) प्लास्टिगेजचा, म्हणजे फट मोजायच्या मऊ धाग्याचा, तुकडा ठेवा, मॅन्युअलमधल्या टॉर्कनं घट्ट करा, क्रँक न फिरवता पुन्हा उघडा आणि चपट्या झालेल्या धाग्याची रुंदी त्याच्यासोबतच्या पट्टीशी जुळवा. जर्नलच्या दर इंच व्यासाला एक हजारांश इंच फट हा ढोबळ हिशेब. दोन इंची जर्नलला ०.००२ इंचाच्या आसपास. फट त्याहून खूप जास्त असेल तर नुसती बेअरिंग बदलण्याआधी मायक्रोमीटरनं जर्नल गोल आहे का ते मोजून घ्या. क्रँक दहा, वीस, तीस, चाळीस (हजारांश इंच) अशा साइझनं घासला जातो. आधीच चाळीसवर गेलेला असेल तर पुढचा निर्णय गाडीचे सुटे भाग मिळतात की नाही यावर जातो.

जाड ऑइल ओतण्याबद्दल

"घट्ट ऑइल टाका, काटा वर येतो" हा सल्ला सर्रास मिळतो. काटा येतो हे खरं, कारण जाड ऑइल फटीत जास्त अडतं. पण फट तेवढीच राहते, आणि सकाळी गार इंजिनात तेच जाड ऑइल रॉकरपर्यंत उशिरा पोचतं. मॅन्युअल परवानगी देतं त्या मर्यादेत २०डब्ल्यू-४० वरून २०डब्ल्यू-५० वर जाणं वेगळं. त्याहून जाड ऑइल आणि वर घट्ट करणारी बाटली ओतून गाडी विकायला काढणारे असतात. जुनी गाडी विकत घेताना म्हणूनच ती पूर्ण तापवून, स्लोवर प्रेशर बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

प्रेशर जास्त दाखवत असेल तर

थंडीच्या सकाळी पहिली काही मिनिटं ६०-७० दिसणं बहुतेक इंजिनांत चालतं. तापल्यावरही काटा वरच राहिला, तर मेकॅनिकल गेज, मग ऑइलचा ग्रेड, मग रिलीफ व्हॉल्व्ह बंद अडकलाय का, याच क्रमानं बघा. जास्त प्रेशरला फिल्टर फुगतो आणि त्याचं रबर फाटतं. ओव्हरहॉलनंतर लगेच असं झालं असेल तर गॅलरीतली (ब्लॉकमधल्या ऑइलच्या वाटांमधली) एखादी वाट कचऱ्यानं किंवा उलट्या बसवलेल्या गास्केटनं बंद झालेली असू शकते. तेव्हा प्रेशर उंच दिसतं आणि एखाद्या टोकाला ऑइलच पोचत नाही. टॅपेट कव्हर काढून स्लोवर चालवा आणि प्रत्येक रॉकरवर ऑइल येतंय का ते डोळ्यांनी बघा.

काम झाल्यावरची पहिली स्टार्ट

पंप उघडला असेल तर बसवण्याआधी त्यात ऑइल भरा. गिअर पंपात पेट्रोलियम जेली लावली तरी चालते, ती ऑइलमध्ये विरघळते. फिल्टर उभा बसत असेल तर तोही ऑइलनं भरून लावा. पेट्रोल गाडीत कॉइलची मधली वायर काढून अर्थ करा, डिझेलमध्ये स्टॉपची वायर ओढून ठेवा. मेकॅनिकल गेज अजून जागेवरच असू द्या. दहा-दहा सेकंद स्टार्टर मारा, मध्ये अर्धा मिनिट थांबा. गेजचा काटा हलला की मगच वायर लावून इंजिन चालू करा. पूर्ण तापवून तेच तीन आकडे पुन्हा घ्या, आणि तारीख, किलोमीटर, ऑइलचा ग्रेड यांसह एका कागदावर लिहून तो बॉनेटच्या आत किंवा ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवा. पुढच्या प्रत्येक ऑइल बदलाच्या वेळी याच कागदावर नवी ओळ लिहा.